वांशिक अस्मिता, जीवनहेतू आणि मानसिक सुस्थिती: अस्मितेचा स्कोअर कसा काढायचा?

प्रश्न (आकडेमोड): आफ्रिकन-अमेरिकन विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणात सेलर्स यांची एमआयबीआय (कृष्णवर्णीय अस्मितेचे वेगवेगळे पैलू मोजणारी प्रश्नावली) आणि रिफ यांची मानसिक सुस्थितीची मापनी वापरली आहे. एमआयबीआयच्या ५६ विधानांची बेरीज केली, तर सुस्थितीशी सहसंबंध जवळपास शून्य. जीवनहेतूचा मात्र भरभक्कम. मग अस्मितेचा परिणाम नाही असं लिहायचं का?

उपमापनी: नका लिहू. ती बेरीजच चुकीची आहे. ५६ पैकी ८ विधानं 'मी कोण' यात वंशाला किती जागा आहे याची, ६ स्वतःच्या समाजाबद्दलच्या अभिमानाची, ६ इतर लोक त्या समाजाकडे कसं पाहतात याची आणि उरलेली चार विचारसरणींची, प्रत्येकी ९. राष्ट्रवादी (कृष्णवर्णीयांच्या वेगळेपणावर भर देणारी) आणि समावेशवादी (मुख्य प्रवाहात मिसळण्यावर भर देणारी) विचारसरणी एकाच बेरजेत घातल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. उलट अर्थाची विधानं आधी फिरवून घ्या (७ चा १, ६ चा २), मग प्रत्येक उपमापनीची (म्हणजे विधानांच्या वरच्या प्रत्येक गटाची) सरासरी वेगळी काढा. सुस्थितीशी थेट नातं बहुधा अभिमानाचं दिसतं. 'इतर काय समजतात' ही उपमापनी जरा चकवते: सेलर्स आणि शेल्टन यांच्या २००३ च्या अभ्यासात, समाज आपल्याला कमी लेखतो असं मानणाऱ्यांना भेदभावाची झळ कमी लागलेली दिसली. अपेक्षित घाव तेवढा वर्मी बसत नाही, असा त्याचा एक अर्थ लावतात.

पाचवा_स्तंभ: मला तो भरभक्कम आकडाच खटकतोय. जीवनहेतू हा रिफ यांच्या सहा घटकांपैकीच एक. एकूण स्कोअरमध्ये तो धरला असेल तर तुम्ही त्याचा संबंध काही अंशी त्याच्याशीच जोडताय! उरलेले पाच घटक घ्या, किंवा जीवनहेतूऐवजी स्टेगर यांची एमएलक्यू (जीवनातल्या अर्थाची प्रश्नावली) लावा. तिच्यात ५ विधानं अर्थ गवसल्याची, ५ अर्थ शोधत असल्याची. त्या दोन्हींची बेरीज नको. शोधात असलेला माणूस समाधानी असेलच असं नाही.

आकडेमोड: एकूणमध्ये धरला होता, काढतो. मग अभिमानातून जीवनहेतू आणि त्यातून सुस्थिती, अशी साखळी तपासता येईल?

उपमापनी: एकाच वेळी भरून घेतलेल्या फॉर्मवर नाही. उलटी साखळीही तितकीच छान बसेल. त्याच विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणाच्या निदान तीन फेऱ्या हव्यात, आणि आधीच्या फेरीतला सुस्थितीचा स्कोअर समीकरणात ठेवायचा. भेदभावाचा अनुभव विचारलाय ना? नसेल तर अस्मिता ढाल ठरते का, हा प्रश्न या डेटाला विचारताच येणार नाही.