आरशात पाहूनही लघवीचं छिद्र सापडत नाही. कोणता भाग कोणता?

अबोली
मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही म्हणून स्वतः कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालायला सांगितलंय. आरसा घेऊन बसलं तरी नेमकी जागा कळत नाही, सगळ्या घड्याच दिसतात. शिवाय योनीजवळचा आतला एक ओठ दुसऱ्यापेक्षा लांब आहे आणि त्याच्या आतल्या बाजूला बारीक दाणे आहेत. हे आजाराचं लक्षण आहे का?

सदाफुली
अबोलीताई, हात धुवा, भिंतीला पाठ टेकून गुडघे फाकवून बसा. आरसा समोर टेकवा आणि उजेड टॉर्चचा घ्या, ट्यूबलाइट पुरत नाही. केस असलेले बाहेरचे ओठ बाजूला केले की आतले पातळ, बिनकेसांचे ओठ दिसतील. वर ते जिथे एकत्र येतात तिथे त्वचेची टोपी असते, तिच्याखाली शिश्निकेचं (क्लिटोरिसचं) टोक. तिथून साधारण २ सेंमी खाली, योनिमुखाच्या अगदी वरच्या काठाला मूत्रद्वार. ते गोल भोक म्हणून शोधू नका, मिटलेली बारीक चीर किंवा खळगी असते. आतले ओठ बाजूला करून किंचित वर ओढले की चीर उघडते. खोकलं तर ती हलते, त्यावरूनही ओळखता येते. पाळी कायमची गेल्यावर हे छिद्र अनेकदा योनीच्या पुढच्या भिंतीकडे आत सरकतं, तेव्हा ते बोटाने चाचपून शोधावं लागू शकतं.

मूत्रनलिका जेमतेम ४ सेंमी. त्यामुळे नळी ८-१० सेंमी आत जाऊनही लघवी आली नाही तर ती बहुधा योनीत गेली आहे. लगेच काढू नका. तिथेच राहू द्या, म्हणजे तो रस्ता अडतो. मग नवी निर्जंतुक नळी तिच्या जरा वर घाला. योनीतून काढलेली नळी पुन्हा मूत्रद्वारात घातली की जंतू थेट मूत्राशयात जातात. पुसताना नेहमी पुढून मागे.

कर्दळ
ओठांची तुलना सोडून द्या. एक लांब, एक आखूड, बाहेर डोकावणारे, काळपट, कडा मुरडलेल्या, सगळं नैसर्गिक. पिवळसर दाणे तेलग्रंथींचे असतात. आतल्या बाजूचे मऊ, गुलाबी, दोन्हीकडे सारखे आणि प्रत्येकाचं मूळ वेगळं असलेले दाणेही निरुपद्रवी. एकाच मुळातून फुटलेले, खडबडीत, वाढत जाणारे मात्र चामखीळ असू शकतात, ते दाखवावेत.

दिसतं ते शिश्निकेचं फक्त टोक. तिचे दोन पाय जांघेजवळच्या जघनाच्या हाडांना धरून मागे जातात आणि योनिमुखाच्या दोन्ही बाजूंना फुगणारे दोन कंद असतात. मेलबर्नच्या मूत्ररोगतज्ज्ञ हेलन ओ'कॉनेल यांनी १९९८ मध्ये ही रचना नीट मांडली, तोवर बऱ्याच पाठ्यपुस्तकांत ती अपुरीच होती. उत्तेजनेच्या वेळी हे सगळं रक्ताने भरतं आणि त्याला वेळ लागतो. टोक फार संवेदनशील असल्याने थेट चोळलं तर अनेकींना दुखतं, टोपीवरून स्पर्श सुखाचा वाटतो. टोपीखालचा पांढरा थर कोमट पाण्याने जाईल तेवढाच जाऊ द्या. टोपी मागे सरकत नसेल तर ओढू नका.

सदाफुली
कर्दळ यांचं पटलं. तरी कॅथेटरच्या निमित्ताने आरसा हातात आहेच, तेव्हा हेही बघत चला. योनिमुखाच्या तळाशी, घड्याळाच्या ४ आणि ८ वर, बार्थोलिन ग्रंथींची तोंडं असतात. योनी ओली ठेवणाऱ्या या ग्रंथींपाशी लाल, ठणकणारी गाठ आली की बहुधा पू झालेला असतो. घरी फोडायची नाही. चाळिशीनंतर नवी गाठ न दुखणारी असली तरी दाखवायलाच हवी. पांढरे चकचकीत चट्टे, रात्री वाढणारी खाज आणि आतले ओठ हळूहळू चिकटून सपाट होणं ही लायकेन स्क्लेरोसस या त्वचेच्या दीर्घकालीन आजाराची खूण. त्याला बुरशी समजून महिनोन्महिने मलम लावत बसतात, तोवर ओठ विरघळून जातात. न भरणारी जखमही अंगावर काढायची नाही.

डेटॉल, सुगंधी वॉश, लिंबू काही नको. बाहेरून साधं पाणी पुरे. धुण्यासाठी योनीच्या आत तर काहीच घालायचं नाही, तिथला पीएच (आम्लता) ३.८ ते ४.५ राखणारे चांगले जंतू त्याने मरतात आणि वास उलट वाढतो.

अबोली
खोकल्यावर दिसलं! चीर योनिमुखाला इतकी चिकटून आहे की ती मी घडीच समजत होते. दाणे दोन्हीकडे सारखेच आहेत. एकच विचारते, पाळी चालू असताना कॅथेटर घालायचा का?

सदाफुली
हो, वेळ चुकवायची नाही. आधी पाण्याने भाग स्वच्छ करा. टॅम्पॉन किंवा कप आत असेल आणि नळी अडत असेल तर तेवढ्यापुरता काढा, दोन्ही मूत्रनलिकेवर मागून दाब देतात.