नऊ नंबर भरतीत लागला, आता गोल कोण मारणार? (सल्ला हवा)

काळी माती

मंडळी, नमस्कार. गाव पांढरकवड्याच्या अलीकडे, जिल्हा यवतमाळ. गावची फुटबॉल टीम आहे, सहा वर्षं झाली. २६ जानेवारीला तालुक्यात शिल्डच्या मॅचेस असतात. आठ टीम, अकरा-अकराचा खेळ, तीस-तीस मिनिटांचे दोन हाफ. मागच्या वर्षी सेमीपर्यंत गेलो होतो.

यंदा आमचा नऊ नंबर, म्हणजे सगळ्यात पुढे राहून गोल मारणारा, पोलीस भरतीत लागला. पोरगं आमच्याच मैदानावर पहाटे सोळाशे मीटर पळायचं आणि घड्याळ लावून मीच उभा राहायचो, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. हार घातला, पेढे खाल्ले, ट्रेनिंगला रवाना केला. घरी येऊन वही उघडली. मागच्या सीझनला आमचे गोल २३, त्यातले १४ त्याचे. उरलेल्या नवांत चार त्यानेच बनवून दिलेले.

आमचा खेळ सांगतो, लपवण्यासारखं काही नाही, अख्ख्या तालुक्याला पाठ आहे. गोली लांब किक मारतो. नऊ नंबर समोरच्यांच्या स्टॉपरला (मधल्या बचावपटूला) पाठीवर घेऊन बॉल छातीवर उतरवतो, डावीकडे वळतो, मारतो. झालं. बाकीचे आम्ही बघे.

आता शिल्लक काय आहे? सात नंबर वाऱ्यासारखा पळतो, पण बुटका, अन् हेडर म्हटलं की डोळे मिटून घेतो. दहा नंबरची नजर चांगली, चाल बैलगाडीची. स्टॉपर उंच, धिप्पाड, डोक्याने मारणारा. अकरा नंबर डावखुरा, पण त्याची हरबऱ्यात जागल असते. रात्रभर डुकरं हाकलून सकाळी प्रॅक्टिसला येतो तेव्हा अर्धा झोपेत असतो. प्रॅक्टिस आठवड्यातून दोनदा, तेही कापसाची गाडी भरायची नसली तर.

गावात तीन मतं आहेत. कामठी नाहीतर बल्लारपूरकडचा एखादा पाहुणा फॉरवर्ड पैसे देऊन आणा, वर्गणी काढू, असं एक. स्टॉपरला पुढे टाका, हे दुसरं. आणि खेळच बदला, हे तिसरं, जे फक्त माझं आहे आणि कसा बदलायचा ते मला माहीत नाही. हातात सव्वा महिना. बोला.

पुण्यातला वऱ्हाडी

भाऊ, स्ट्रायकर पाहिजेच असं कुठे लिहिलंय? २०१२ च्या युरोत स्पेनने पहिल्या मॅचला फॅब्रेगासला पुढे खेळवला, तो मुळात मिडफिल्डर. फायनललाही तोच पुढे होता, आणि इटलीला ४-० ने धुतलं. फॉल्स नाइन म्हणतात त्याला. फॉरवर्ड मागे सरकतो, समोरच्या स्टॉपरला कळत नाही त्याच्या मागोमाग जाऊ की जागा धरू. स्टॉपर मागोमाग गेला की त्याच्या पाठीशी मोकळं रान. तुमचा दहा नंबर त्या जागेला बसतो. पळायची गरजच नाही.

संत्र्याचा बगीचा

पुण्यातल्या भाऊले रामराम. पन स्पेनच्या पायाखाली गवत होतं ना जी! जानेवारीत आमच्या काळ्या मातीले इतक्या भेगा पडते का बॉल द्यावा पायाकडे, तं तो जाते गुडघ्याकडे. दहा पास कराले गेले तं तिसऱ्यालेच बॉल उडून कोनाच्या तोंडावर. त्या मैदानात फॉल्स नाइन नाही, फॉल्स बाउन्स असते.

काळी माती भाऊ, एक इचारतो. मारलेले गोल मोजले, खाल्लेले मोजले का? वही तेच हाय न?

काळी माती

मोजले. सतरा खाल्ले. त्यातले नऊ शेवटच्या पंधरा मिनिटांतले. हे मी आत्ता तुमच्यामुळे पाहिलं, आधी कधी पाहिलं नव्हतं.

माजी गोली

वय झालं, आता फक्त टाळ्या वाजवतो. स्टॉपरला पुढे टाकायच्या गोष्टीवर बोलतो, कारण आपल्या देशात ते झालेलं आहे. १९६२ ची जकार्ता एशियाड. कोच सय्यद अब्दुल रहीम. जर्नेल सिंग आपला स्टॉपर, थायलंडच्या मॅचमध्ये डोकं फुटलं, टाके पडले. बचावात ठेवला तर प्रत्येक उंच बॉलला त्याच डोक्याने भिडावं लागणार. रहीमसाहेबांनी त्याला सेंटर फॉरवर्डला टाकलं. फायनलला दक्षिण कोरियाविरुद्ध २-१ ने जिंकलो, एक गोल पी. के. बॅनर्जींचा आणि एक जर्नेलचा. सोनं आलं.

पण पोरांनो, अर्धीच गोष्ट ऐकून पळू नका. त्या टीममध्ये पी. के. होते, चुनी गोस्वामी होते, बलराम होते. जर्नेलच्या बाजूला बॉल खेळवणारे तिघे असे होते, आणि मागची फळी त्याच्याशिवाय उभी राहू शकत होती. तुमचा स्टॉपर वर गेला तर मागे कोण उरतं ते आधी सांगा.

काळी माती

काका, मागे उरतो मी. अडतीस वर्षांचा.

माजी गोली

मग नका टाकू.

पाहुणा नको रे बाबा

आमच्या गावाने दोन वर्षांपूर्वी पाहुणा आणला होता. चांगला खेळाडू, खोटं बोलणार नाही. पहिल्या मॅचला दोन गोल. दुसऱ्या मॅचला त्याला बॉल पायात पाहिजे आणि आमच्या पोरांना सवय पुढे टाकायची. तो हात झटकतो, आमचे पोरं त्याच्यावर चिडतात. हाफटाइमला चहा पिताना तो एका बाजूला, टीम दुसऱ्या बाजूला. हरलो. वर्गणीचा हिशेब अजून निघतो पोळ्याला.

मोठ्या टीमचंही तेच होतं. लिव्हरपूलने २०१४ ला सुआरेझ विकला. त्या सीझनला त्याचे लीगमध्ये ३१ गोल, टीमचे १०१. त्याच्या जागी बालोटेली आणला, तो अख्ख्या लीगमध्ये एक गोल मारून बसला आणि टीम १०१ वरून ५२ वर आली. दुसरा फॉरवर्ड स्टरिजही बराच काळ जखमी होता, हे खरं, सगळं खापर बालोटेलीवर फोडत नाही. पण घर एका खांबावर बांधलेलं असलं की दुसरा खांब त्याच मापाचा सापडत नाही.

पुण्यातला वऱ्हाडी

गवताचं मान्य. मी गाव सोडून बारा वर्षं झाली, भेगा विसरलो होतो.

मग रियल माद्रिद घ्या. २०२३ ला बेन्झेमा सौदीला गेला. त्याच्या तोडीचा नऊ नंबर त्यांनी घेतलाच नाही, होसेलूला लोनवर आणून बहुतेक वेळ बेंचवर ठेवला. विनिसियस आणि रॉड्रिगो दोघे पुढे पण रुंद, आणि त्यांच्यामधल्या जागेत मागून बेलिंगहॅम घुसायचा. लीगमध्ये त्याचे १९ गोल झाले. लीगही जिंकली आणि चॅम्पियन्स लीगही. म्हणजे गोल मारणारा पुढे उभा नव्हता, मागून येत होता.

शिट्टी आणि खडू

वर्ध्याकडे शाळेत खेळ शिकवते, मुलींची टीम सुब्रतो कपच्या (शाळांच्या फुटबॉल स्पर्धेच्या) फेऱ्यांना नेते. थोडं लांब लिहिते.

काळी माती दादा, तुम्ही चौदा गोल गेले म्हणता. मला वाटतं त्याहून मोठं काहीतरी गेलं. तुमचा नऊ नंबर बॉल छातीवर घेऊन दोन-तीन सेकंद धरायचा, त्या तीन सेकंदांत तुमचा बचाव श्वास घ्यायचा आणि मधल्या फळीचे वर चढायचे. आता तो नाही. गोलीने तशीच लांब किक मारली तर त्यांचा स्टॉपर एकटा उभा राहून आरामात हेड मारेल आणि बॉल दहा सेकंदांत परत तुमच्या डीत (गोलपुढच्या चौकटीत). तो असताना शेवटच्या पंधरा मिनिटांत नऊ गोल खाल्ले, तो नसताना किती खाल? संत्रावाल्या भाऊंनी नेमकं विचारलं.

म्हणून आधी गोलीची किक बंद. हाताने फेकू दे, बाजूच्या बॅकच्या पायाशी. लांब मारायचीच वेळ आली तर मधोमध मारायची नाही, त्यांच्या अर्ध्यात बाजूच्या रेषेकडे मारायची. बाहेर गेला तर थ्रो त्यांचा, पण तो त्यांच्या कोपऱ्यात, आणि थ्रो घेणाऱ्याला तुम्ही तिघे घेरू शकता.

पुढे सात आणि अकरा, दोघेही रुंद. त्यांच्या स्टॉपर आणि साइड बॅकमधल्या फटीच्या बाहेरच्या अंगाला. मध्ये कोणीच नाही. त्यांचे दोन स्टॉपर कोणाला धरायचं म्हणून एकमेकांकडे बघतील. दहा नंबर तुमच्या सात-अकराच्या मागे. बॉल डोक्यावर द्यायचा नाही, बॅकच्या पाठीमागे मोकळ्या जागेत टाकायचा. खराब मैदानावर हेच बरं, कारण पळणाऱ्याच्या पुढे टाकलेला बॉल कसाही उडाला तरी पळणाराच आधी पोचतो.

अडचण ऑफसाइडची, म्हणजे पास सुटण्याआधीच त्यांच्या बचावाच्या पलीकडे जाण्याची. मुलींना मी एकच सांगते: दहा नंबरची मान वर झाली की सुटायचं, त्याआधी नाही. डीच्या दोन्ही कोपऱ्यांवर दोन-दोन विटा ठेवा. दहा नंबर बॉल घेतो, खाली पाहतो, मान वर करतो, सात नंबर विटांच्या मधून निघतो. वीस वेळा उजवीकडून, वीस वेळा डावीकडून. कंटाळा येतो, येऊ द्या. ते फार वर चढून खेळत असतील तर सात नंबरला सरळ सेंटर लाइनच्या अलीकडे उभा करा. स्वतःच्या अर्ध्यात ऑफसाइड नसतो, हे निम्म्या टीमना आठवत नाही.

आता तुमचा उंच स्टॉपर. त्याला कायमचा पुढे नका पाठवू, काका बरोबर बोलले. पण कॉर्नरला आणि त्यांच्या डीजवळच्या थ्रोला पाठवा, तेवढ्यापुरते दोघे मागे थांबवा. थ्रोवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नाही, तेव्हा एकाला गोलीच्या अगदी पुढ्यात उभा करा. तुमच्यात लांब थ्रो कोणाचा आहे?

काळी माती

मॅडम, लांब थ्रो अकरा नंबरचा. तुरीचे पोते फेकून फेकून खांदे झालेत त्याचे.

शिट्टी आणि खडू

मग त्याला झोपू द्या आणि दुसऱ्या हाफात आणा! समोरचे दमलेले, हा ताजा. पहिल्या हाफात त्याच्या जागी कोणीही पळणारं पोरगं चालेल, गोल नाही मारला तरी चालेल, त्यांच्या बॅकला पळवलं पाहिजे.

संत्र्याचा बगीचा

मॅडमनं सांगतलं ते बरोबर हाय. माझं एकच जोडतो. दुपारची मॅच असली, चारच्या पुढची, तं टॉस जिंकून किक-ऑफ नका घेऊ, बाजू घ्या. २०१९ पासून टॉस जिंकनारा दोन्हीतलं काही बी घेऊ शकते. त्यांच्या गोलीच्या डोळ्यात सूर्य पाहिजे दुसऱ्या हाफात. तवा ऊन पार खाली येते. अन् तवाच तुमचा झोपाळू थ्रो मारते.

काळी माती

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, माफ करा. कापूस होता, मग गव्हाला रात्रीची लाइन.

पाहुणा रद्द. वर्गणीवाले नाराज झाले, त्या पैशांतून दोन बॉल आणि स्टडचे आठ जोड घेतले तेव्हा गप्प झाले.

विटांचं केलं. पहिले दोन दिवस सात नंबर दर वेळी आधीच सुटायचा, दहा नंबर मान वर करेपर्यंत हा गोलपोस्टच्या मागे. शेवटी मी दहा नंबरला सांगितलं, मान वर करताना "हं" म्हण. आता अख्खं मैदान शांत असलं की "हं" ऐकू येतं. मॅचमध्ये लोक ओरडत असताना काय होईल देव जाणे.

रविवारी शेजारच्या गावाशी प्रॅक्टिस मॅच ठेवली. २-२. एक गोल विटांचा, हुबेहूब. दुसरा थ्रोवरचा: अकरा नंबरने फेकला, स्टॉपरने डोकं लावलं, बॉल त्यांच्याच बॅकच्या पाठीला लागून आत. खाल्लेले दोन्ही पहिल्या हाफातले. शेवटच्या पंधरा मिनिटांत एकही नाही, वहीत त्याखाली दोन रेघा मारल्या.

दुखणं एकच उरलं आहे, गोलीचं. पस्तीसाव्या मिनिटापर्यंत हाताने फेकतो, अगदी शहाण्यासारखा. मग दबाव आला की सवयीने मधोमध लांब किक. बॉल हवेत असतो आणि सगळे अकरा जण आधी वर बघतात, मग खाली, जिथे नऊ नंबर असायचा तिथे. परवा तर गोली स्वतःच किक मारून त्याच्या नावाने ओरडला. सगळे हसलो, पण गोल जवळजवळ खाल्लाच होता. यावर काही उपाय?

माजी गोली

उपाय आहे. गोलीला भिती एकटं पडायची असते, म्हणून तो बॉल लांब ढकलतो. प्रॅक्टिसमध्ये दोन्ही साइड बॅकना सांगा, गोलीने बॉल धरला रे धरला की दोघांनीही हात वर करून त्याला हाक मारायची. बॉल घ्यायचा नसला तरी. मी चौदा वर्षं गोलात उभा होतो, हाक ऐकू आली नाही की मीही मधोमधच मारायचो.

अन् त्या पोराला ट्रेनिंगमधून सुट्टी मिळाली तर २६ ला रेषेबाहेर उभं नका करू. गोली परत त्याच्याकडेच मारेल.