निर्भीक, प्रबल की थोडं थांबावं? अंगावर बाळगायच्या .३२ रिव्हॉल्व्हरबद्दल मदत हवी आहे

सत्तरीचा_काजूवाला

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. काजूबिया विकत घेण्याचा आमचा वडिलोपार्जित धंदा. हंगामात वाड्यावाड्यांवर फिरून रोख मोजावी लागते, कारण बागायतीतली वयस्क माणसं हातात पैसे पडल्याशिवाय पोतं उचलू देत नाहीत, आणि का द्यावं त्यांनी? परतताना काळोख होतो, रस्ता रानातला. याच कारणासाठी रिव्हॉल्व्हरचा परवाना मागितला होता. पोलीस चौकशी, प्रशिक्षणाचा दाखला असे सगळे सोपस्कार होऊन तो मंजूर झाला आहे. आता कोणतं घ्यावं एवढाच प्रश्न उरलाय, पण तोच सुटत नाही.

बारा बोरची एकनळी बंदूक आधीच माझ्या नावावर आहे, रानडुकरांपासून बागायत राखायला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. म्हणजे हे दुसरं आणि शेवटचं. न जमलं तर विकून दुसरं घ्यायचं म्हणजे पुन्हा कचेरीच्या फेऱ्या. म्हणून एवढा काथ्याकूट.

डोळ्यांसमोर दोन आहेत, दोन्ही .३२ बोरची (नळीच्या भोकाचं माप, इंचात). एक निर्भीक, कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीनं २०१४ मध्ये काढलेलं. टायटॅनियमचा मिश्रधातू, पाचशे ग्रॅमच्या आसपास वजन, सहा गोळ्या. बाजारात आलं तेव्हा किंमत १ लाख २२ हजारांच्या घरात होती. दुसरं प्रबल, ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्याच ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेडनं आणलेलं. नळी ७६ मिलिमीटर, एकूण लांबी १७८ च्या आतबाहेर, गोळ्या न भरता वजन सातशे ग्रॅमपर्यंत. सिलिंडर बाजूला उघडतो आणि मारा ५० मीटरपर्यंत, असं कंपनी सांगते.

५० मीटर वाचून सगळे खूश झाले, पण माझ्या तो उपयोगाचा नाही. पन्नास मीटरवरच्या माणसापासून गाडी वळवून निघून जाता येतं. माझी अडचण झाली तर ती दोन-तीन मीटरवर होणार. त्याहून मोठा प्रश्न म्हणजे ते दिवसभर अंगावर राहील का. एप्रिलचा घाम, सुती शर्ट, स्कूटर, पोती उचलणं. जड वाटलं की माणूस ते कपाटात ठेवून बाहेर पडतो, मग परवाना काढून काय मिळवलं? वजनातला दोनशे ग्रॅमचा फरक कमरेला चांगलाच जाणवेल असं वाटतं.

खरं सांगायचं तर मी तिसऱ्याच गोष्टीची वाट पाहतोय. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीनं जे-फ्रेमचं (त्यांच्या लहान सांगाड्याचं) रिव्हॉल्व्हर १९५० मध्ये आणलं, आणि दोनच वर्षांनी हॅमर (गोळी उडवायला आदळणारा मागचा खटका) आत झाकलेला प्रकार काढला. म्हणजे खिशातून किंवा शर्टाखालून काढताना कुठे अडकायला नको. २०२४ मध्ये त्यांचं ४३२ अल्टिमेट कॅरी आलं. .३२ एच अँड आर मॅग्नम या जोरकस गोळीचं, सहा गोळ्यांचं, साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. त्यात आपली .३२ लाँग गोळीही चालते. ते आपल्याला मिळणार नाही हे ठाऊक आहे, सर्वसामान्य परवानाधारकांसाठी आयात ऐंशीच्या दशकापासून बंद आहे. पण प्रबलचा नवा सांगाडा आणि निर्भीकचा हलका धातू कानपूरकडे आहेतच. आखूड नळीचं, झाकल्या हॅमरचं काही त्यांनी काढावं असं मनापासून वाटतं. तोवर थांबावं का? ट्रिगर कसा आहे, पावसाळ्यात गंज किती धरतो, हे स्वतः वापरणाऱ्यांनी सांगावं.

फोंड्याचे_काका

बाब, माझ्याकडे कानपूरचं जुनं मार्क ३ रिव्हॉल्व्हर आहे, त्यामुळे बोलतो. निर्भीक त्याच घराण्यातलं, नळी खाली मोडून उघडणारं, मूळ वेब्ली या इंग्लिश रिव्हॉल्व्हरचं वळण. उघडलं की सहाही पुंगळ्या एकदम बाहेर. पण सगळा जोर वरच्या कडीवर येतो आणि वर्षानुवर्षांनी ती सैल पडू शकते. प्रबलचा सांगाडा अखंड आहे, तो जास्त टिकणार यात मला शंका नाही.

ट्रिगर म्हणाल तर आमच्या जुन्याचा फार कडक आहे. हॅमर हातानं न ओढता थेट ट्रिगर दाबला की नळी हलते, आणि घाबरलेला माणूस थेटच दाबणार. प्रबलचा ट्रिगर हलका आहे असं कंपनी म्हणते. निवड त्यावर करा, वजनावर नंतर. दुकानदाराकडे परवाना दाखवा, रिकामं शस्त्र त्याच्यासमोर हातात घ्या, दहा वेळा दाबून पाहा. मनगट थरथरलं तर ते घेऊ नका, कितीही हलकं असो.

गोळ्या आपल्या पुण्याच्या खडकीच्याच, बुडावर केएफ असं कोरलेलं असतं. .३२ लाँग ही १८९६ मधली गोळी, तिच्यात फार दम नाही, पण झटका कमी आणि नेम चांगला. म्हणून सराव हवाच.

गंजाचं म्हणाल तर शस्त्रापेक्षा गोळ्यांवर लक्ष ठेवा. चामड्याच्या पट्ट्यात ठेवलेल्या गोळ्यांच्या पितळेवर आपल्याकडच्या दमट हवेत हिरवं चढतं. होल्स्टर (शस्त्र ठेवायचं म्यान) प्लास्टिकचं घ्या. रोज रात्री पुसा, तेलाचा पातळ हात द्या.

कोलवाळ_काठ

काकांशी सहमत, पण त्याआधी कायद्याचं पाहा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हे होल्स्टरमध्ये, अंगाला लावलेलं आणि पूर्ण झाकलेलं हवं. म्हणजे लपवून बाळगणं ही आपल्याकडे हौस नाही, तो नियमच आहे. लग्नात, जत्रेत, मिरवणुकीत ते बाहेर काढायचं नाही. तुमच्या भागात चोर्ला घाट जवळ, म्हणून मुद्दाम सांगतो: परवान्यावरची क्षेत्रमर्यादा वाचा. ती गोव्यापुरतीच असेल तर बेळगावला माल पोचवायला जाताना शस्त्र घरी राहिलं पाहिजे. आणि निवडणूक जाहीर झाली की पोलीस स्थानकात जमा करण्याचे आदेश निघतात. निवडणूक हंगामात आली तर त्या काळात रोकड कशी आणणार, हे आतापासून ठरवून ठेवा.

मडगावकरीण

प्रबल आलं तेव्हा बातम्यांत ‘बायकांनाही पर्समध्ये ठेवता येईल’ असं छापून आलं होतं. ते वाचून मला राग आला होता, अजून आहे. पर्स हिसकावणं हाच तर चोराचा पहिला डाव असतो. पर्स गेली की शस्त्रही त्याच्या हातात. वर कोलवाळवाल्यांनी नियम सांगितलाच आहे. दादा, तुम्हीही पैशांच्या पिशवीत ठेवायचा विचार चुकूनसुद्धा करू नका. पिशवी मागितली तर देऊन टाका. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही स्वसंरक्षणाची कलमं एकदा वकिलासोबत बसून नीट वाचा, किती बळ वापरायची मुभा कुठे संपते ते कळेल. काजूचे पैसे पुढच्या हंगामात परत येतील. तुमच्या हातून कुणी मेलं तर ते घरातल्या सगळ्यांना जन्मभर वागवावं लागेल.

आणि झाकल्या हॅमरचं म्हणता ते पटतं. माझीही तीच मागणी आहे.

सत्तरीचा_काजूवाला

काका, ताई, कोलवाळकर, मनापासून आभार. परवाना काढून पाहिला, क्षेत्र गोवा राज्यापुरतंच आहे. बेळगावची फेरी असेल त्या दिवशी रिव्हॉल्व्हर घरी कुलपात राहील. पिशवी देऊन टाकण्याबद्दल घरीही बोललो, सगळ्यांचं तेच मत पडलं.

नव्या मॉडेलसाठी थांबायचं नाही असं ठरवतोय. ते कधी येईल, येईल की नाही, हे कानपूरलाच ठाऊक, आणि काजूला मोहोर येऊन गेला आहे. वजनापेक्षा ट्रिगर आधी, हे काकांचं म्हणणं डोक्यात बसलं. त्यामुळे पारडं प्रबलकडे झुकतंय.

आता दोनच गोष्टी हव्या आहेत. प्रबलच्या मापाचं प्लास्टिकचं होल्स्टर, शर्टाच्या आत कमरेला बसणारं, कुणी वापरत असेल तर कुठून घेतलं ते सांगा. आणि गोव्यात .३२ चा सराव रीतसर करता येईल अशी जागा कुणाला माहीत असेल तर कळवा, मडगावपर्यंत यायचीही तयारी आहे.