मेंढीकोटावरून ऑनलाइन खेळ करायचा आहे, तर पहिली कल्पना कशी मांडावी?

चौथा_भिडू (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

दर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला आमच्याकडे सगळी भावंडे जमतात आणि रात्रीची जेवणे उरकली की सतरंजीवर मेंढीकोटाचा, म्हणजे दोन-दोन भिडूंच्या जोड्यांनी चार दश्श्या जिंकायच्या पत्त्यांच्या खेळाचा, डाव मांडला जातो. पण आता भाऊ पुण्यात, बहीण हैदराबादला आणि आत्येभाऊ बंगळुरात आहे, त्यामुळे यात्रा संपली की पत्त्यांचा कॅट वर्षभर कपाटातच राहतो. चार गावांतल्या चौघांना मोबाइलवर एकत्र खेळता येईल असा खेळ करावा, आणि तो नुसती नक्कल न होता त्याला स्वतःचे काही वेगळेपण असावे, असे मनापासून वाटते.

मला प्रोग्रॅमिंग येते. तरीही गेल्या दोन महिन्यांत पत्त्यांची चित्रे आणि हिरवे टेबल यांच्यापलीकडे माझे काम सरकलेले नाही, कारण मूळ कल्पनाच पक्की झालेली नाही. अशा खेळाची कल्पना कागदावर मांडायची म्हणजे आधी काय लिहायचे? नियम, मोबाइलचे पडदे, की दुसरेच काही? ज्यांनी असे काम केले आहे किंवा जे वर्षानुवर्षे पत्ते खेळत आले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुळे_सोलापूरकर

चित्रे आणि टेबल सध्या बाजूला ठेवा. पत्त्यांचा खेळ ऑनलाइन नेताना सर्वांत आधी बदलते ती वाट पाहण्याची रीत, म्हणून कल्पनेची सुरुवात तिथून करावी असे माझे मत आहे. मेंढीकोटात १३ हात आणि प्रत्येक हातात चार पाने, म्हणजे एका डावात ५२ वेळा कोणीतरी पान टाकणार. प्रत्येकाने १० सेकंद घेतले तर डाव पावणेनऊ मिनिटांत आटोपतो, आणि ३० सेकंद घेतले तर २६ मिनिटे लागतात. यांपैकी तुमची पाळी फक्त १३ वेळा येते. उरलेल्या ३९ वेळा तुम्ही दुसऱ्याची वाट पाहता.

सतरंजीवर ही वाट जाणवत नाही, कारण गप्पा चालू असतात, शेंगा खाणे चालू असते आणि समोरच्याचा चेहरा दिसत असतो. मोबाइलवर मात्र तेवढ्या वेळात माणूस दुसरे ॲप उघडतो आणि परत येत नाही. त्यामुळे ‘इतरांची पाळी असताना माझा खेळाडू काय करत असतो’ या प्रश्नाचे उत्तर कागदावर आधी यायला हवे.

अशा बंधनातूनच चांगली कल्पना सुचते. रिचर्ड गारफिल्ड यांनी ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला पत्त्यांचा खेळ रचला, तेव्हा प्रकाशक पीटर ॲडकिसन यांची त्यांच्याकडे मागणी साधी होती. सोबत सहज नेता यावा आणि मधल्या मोकळ्या वेळेत खेळून संपावा, असा खेळ त्यांना हवा होता. जादूगार, जमिनी, राक्षस हे सगळे त्या मागणीच्या मापात बसवले गेले. तुम्हीही आपल्या खेळाचे माप आधी ठरवा. तुमची बहीण तो जेवणाच्या सुट्टीत खेळणार आहे, की रात्री सगळे निवांत झाल्यावर?

आणि कोड लिहिण्यापूर्वी एक प्रयोग अवश्य करा. चौघांना चार खोल्यांत बसवा, दारे लावून घ्या आणि पाचव्या माणसाला प्रत्येकाचे पान चिठ्ठीवर लिहून इकडून तिकडे पोहोचवायला सांगा. हा पाचवा माणूस म्हणजे तुमचा सर्व्हर, सगळ्यांचे मोबाइल जोडणारा मधला संगणक. त्याला ज्या ज्या ठिकाणी ‘आता काय करू?’ असे विचारावे लागेल, ती प्रत्येक जागा लिहून ठेवा.

इस्पिकची_राणी

मी निवृत्त शिक्षिका आहे. संगणकातले मला फारसे कळत नाही, पण मेंढीकोट पन्नास वर्षे खेळत आले आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करते. तुम्ही नियमांची वही करण्याआधी भांडणांची वही करा.

आमच्या चाळीत मराठी, तेलुगू आणि कानडी अशी तिन्ही भाषांची घरे होती आणि प्रत्येक घरचा मेंढीकोट थोडा वेगळा होता. कोणी कट हुकूम खेळत, म्हणजे उतारीच्या (हातातल्या पहिल्या पानाच्या) रंगाचे पान पहिल्यांदा ज्याच्याकडे नसेल, त्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम, म्हणजे इतर रंगांवर मात करणारा रंग, होई. कोणी बंद हुकूम खेळत, म्हणजे हुकमाचे पान आधीच पालथे ठेवलेले असे आणि कोणाकडे रंग नसला की त्याने ते उघडायला लावायचे. मग वाद सुरू होत. उघडायला लावणाऱ्याने हुकूम मारलाच पाहिजे का? हातात एकही चित्र आले नाही तर पुन्हा वाटायचे का? रंग हातात असताना चुकून दुसरे पान पडले तर डाव मोडायचा, की तेवढा हात समोरच्यांना द्यायचा? दोन्ही बाजूंना दोन-दोन दश्श्या आल्या तर ज्यांचे सात हात ते जिंकले, एवढ्या एकाच गोष्टीवर सगळ्या चाळीचे एकमत होते.

सतरंजीवर असे वाद वडीलधारे माणूस मिटवते, पण तुमच्या मोबाइलमध्ये ते माणूस बसलेले नाही. अमेरिकेत ओहायोमधील मर्ल रॉबिन्स नावाच्या न्हाव्याने १९७१ मध्ये ‘ऊनो’ हा खेळ तयार केला, तोही ‘क्रेझी एट्स’ या पत्त्यांच्या खेळाच्या नियमांवरून घरात झालेल्या वादातून, असे सांगतात. तेव्हा घरातल्या भांडणांना कमी लेखू नका.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हरलेल्या बाजूने पत्ते पिसायचे आणि वाटायचे, हीच आमच्याकडे हरल्याची शिक्षा. कोट बसला, म्हणजे चारही दश्श्या समोरच्यांनी नेल्या, की ते हात बांधून बसत आणि आम्ही मुकाट्याने पिसत राहायचो. तुमच्या खेळात पत्ते यंत्रच वाटणार. मग हरल्याची ती टोचणी कुठे राहणार, याचा विचार करून ठेवा.

गड्डा_ते_हिंजवडी

बाईंचा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे, कारण ती टोचणी गेली की अनेकजण तिच्या जागी पैसे आणतात. तो मार्ग कल्पनेच्या पातळीवरच बंद करा. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंदी घातली आहे, आणि घरच्या माणसांसाठी करायच्या खेळात पैशाचे काही काम नाही.

माझा भर ‘कोणाला काय दिसते’ या प्रश्नावर आहे. चारही खेळाडूंची पाने सर्वांच्या मोबाइलवर पाठवून पडद्यावर फक्त लपवायची, ही चूक नवखे हमखास करतात आणि थोडी खटपट करणाऱ्याला मग सगळ्यांची पाने वाचता येतात. ज्याची पाने त्याच्याच मोबाइलवर जावीत आणि बंद हुकूम उघडेपर्यंत तो ठेवणाऱ्याखेरीज कोणाकडेही जाऊ नये. टाकलेले पान चालते की नाही, हेही सर्व्हरनेच ठरवावे.

पिसण्याकडेही दुर्लक्ष नको. १९९९ मध्ये एका ऑनलाइन पोकर संकेतस्थळाने आपली पिसण्याची पद्धत प्रामाणिक आहे हे दाखवण्यासाठी तिचा कोड जाहीर केला. ती मध्यरात्रीपासून उलटलेल्या मिलिसेकंदांवर अवलंबून होती. दिवसात मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाखच असतात, त्यामुळे तेवढेच डाव शक्य होते आणि अभ्यासकांनी थोडी पाने पाहून उरलेली ओळखून दाखवली. फिशर-येट्स पद्धत (उरलेल्या पानांतून एकेक पान सोडतीने निवडण्याची) आणि सुरक्षित यादृच्छिक, म्हणजे आधी ओळखता न येणारे, आकडे वापरले की हे टळते.

राहिला भिडूंनी एकमेकांना करायच्या खुणांचा प्रश्न. दोन भिडू फोनवर बोलत खेळले तर तुम्ही त्यांना अडवू शकत नाही. ‘हर्थस्टोन’ या ऑनलाइन पत्त्यांच्या खेळाने २०१४ मध्ये अनोळखी प्रतिस्पर्ध्यांना मोकळेपणाने लिहू न देता सहा ठरावीक उद्गार तेवढे दिले. तुम्ही त्याहून पुढे जाऊन एक-दोन खुणा नियमातच बसवाव्यात, असे मला वाटते. भिडूला एका डावात एकदाच खूण करता आली, तर ती कधी करायची हाच एक डाव होईल.

चौथा_भिडू (सोलापूर)

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी चार खोल्यांचा प्रयोग केला. आई स्वयंपाकघरात, वडील माजघरात, मी गच्चीवरच्या खोलीत आणि शेजारच्या तेलुगू मावशी पुढच्या खोलीत बसल्या. चिठ्ठ्या पोहोचवायला अकरा वर्षांची पुतणी होती.

पहिल्याच डावात तिने मला चौदा वेळा जिन्यावर गाठून ‘आता कोणाची उतारी?’ असे विचारले. कोणी किती दश्श्या ओढल्या, हेही कोणाच्या लक्षात राहीना. तिसऱ्या डावात मावशींनी हुकूम बंद ठेवला होता. सातव्या हाताला वडिलांकडे किलवर संपले आणि त्यांनी ‘हुकूम उघडा’ अशी चिठ्ठी पाठवली. पुतणी ती हातात धरून ओरडत सुटली आणि आम्ही तिघेही दारे उघडून पुढच्या खोलीत धावलो. मावशींनी पालथे पान उलटले, तर बदामाची दश्शी! त्यांनी दश्शीच हुकमाला ठेवली असेल, असे त्यांची भिडू असलेल्या आईलाही वाटले नव्हते.

त्या रात्री जुनी टिपणे बाजूला सारून मी नव्या कागदावर लिहिले : ‘चौघांपैकी एकालाच माहीत असलेले एक पालथे पान, आणि ते उघडायला लावण्याचा मोह.’ आता इतरांच्या पाळीत प्रत्येकाने हुकमाचा रंग कोणता असेल याचा अंदाज गुपचूप नोंदवायचा, पान उघडल्यावर सगळ्यांचे अंदाज एकदम दिसायचे आणि हरलेल्या बाजूने पुढच्या डावाचे पत्ते स्वतःच्या बोटाने पडद्यावर पिसायचे, असे ठरवले आहे. बाईंच्या सांगण्याप्रमाणे भांडणांची वहीही घातली असून तिची सव्वादोन पाने भरली आहेत. पुढच्या रविवारी हैदराबादच्या बहिणीला फोनवर घेऊन हाच डाव पुन्हा चिठ्ठ्यांवर खेळणार आहोत.