बुगाटी टाइप ३५: ताकद कमी, तरी एवढ्या शर्यती कशा जिंकल्या?

मोहोर_मेकॅनिकल

नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सध्या जुन्या ग्रां प्री (मोठ्या मोटार शर्यतींच्या) गाड्यांच्या नादाला लागलोय. बुगाटी टाइप ३५ चं नाव जिथे तिथे येतं, पण आकडे पाहिले की कोडं पडतं. १९२४ मध्ये गाडी आली तेव्हा इंजिन दोन लिटरचं, सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) नाही, ताकद सुमारे ९० अश्वशक्ती. त्याच वर्षी आलेली अल्फा रोमिओ पी२ सुपरचार्जरच्या जोरावर १४० च्या आसपास. फ्रान्समधल्या लियोंला, तिच्या पहिल्याच शर्यतीत, बुगाटीच्या पाच गाड्या उतरल्या, त्यातली सर्वात पुढची सातवी आली. जिंकला अल्फाचा काम्पारी.

आणि पुढे याच गाडीच्या नावावर कुठे हजार, कुठे दोन हजार विजय लिहिलेले दिसतात. डिझाइनमध्ये नेमकं काय होतं? आणि विजयांचा आकडा कितपत खरा धरायचा?

घाटवळण

ताकदीचा हिशोब रस्ता बघून कर. सिसिलीतली तार्गा फ्लोरिओ घे. डोंगरातला १०८ किलोमीटरचा फेरा, तो पाच वेळा, म्हणजे ५४० किलोमीटर. सरळ रस्ता थोडा, वळणंच वळणं, खाली खडी. तिथे १९२५ ते १९२९ सलग पाच वर्षं बुगाटी जिंकली: कोस्तान्तिनी दोनदा, मग मातेरास्सी, मग अल्बेर दिवो दोनदा.

१९२८ ची शर्यत तर अवश्य वाच. चेकोस्लोव्हाकियाची एलिश्का युन्कोव्हा ३५बी (टाइप ३५ चाच सुपरचार्जरवाला उपप्रकार) घेऊन उतरली होती. तिने आधी येऊन तो रस्ता पायी फिरून पाठ केला होता. दुसऱ्या फेरीला ती सगळ्यांच्या पुढे होती. शेवटी गाडीने त्रास दिला आणि ती पाचवी आली. मागे राहिलेल्यांत त्या काळचे नावाजलेले पुरुष ड्रायव्हर होते. त्याच वर्षी जुलैमध्ये जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवर तिचा नवरा अपघातात गेला आणि तिने शर्यती सोडल्या. माझ्या मते टाइप ३५ चा इतिहास तिच्याशिवाय अर्धाच आहे.

टूलरूम_भोसरी

मोहोर, माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली, त्यामुळे गाडी बघायची म्हटलं की मी आधी खाली वाकतो. लेक जर्मनीत फ्रायबुर्गला असते. तिथून सीमेपलीकडे फ्रान्समधलं मुलहाउस जवळ आहे. श्लुम्प्फ बंधूंनी आपल्या लोकरीच्या गिरणीत जमवलेला संग्रह आता तिथलं मोटार संग्रहालय आहे. शंभरावर बुगाटी एका छताखाली. गिरणी बुडाली तेव्हा, १९७७ मध्ये, कामगारांनीच आत शिरून हा खजिना ताब्यात घेतला होता. गाड्यांकडे बघताना मला तेही आठवत होतं, कारण गिरण्या बंद पडल्यावर कामगारांचं काय होतं ते मुंबईने पाहिलेलं आहे.

असो. चाकापासून सुरू करू. त्या काळी शर्यतीच्या गाडीला तारांची चाकं असत. एत्तोरे बुगाटीने ॲल्युमिनियमचं ओतीव चाक केलं, आठ चपटे आरे, आणि ब्रेकचा ड्रम त्याच ओतकामात. एका भागाने दोन कामं. चाक काढलं की ड्रम बरोबरच निघतो आणि ब्रेक शू (ड्रमला आतून घासणारे भाग) समोर उघडे पडतात. टायर बदलता बदलता शूवरचं घासणारं अस्तर, म्हणजे लायनिंग, किती उरलंय ते डोळ्यांनी दिसतं. ॲल्युमिनियम उष्णता चटकन बाहेर टाकतं, चपट्या आऱ्यांमधून वारा खेळतो, म्हणून ब्रेक थंड राहतात. आणि स्प्रिंगखालचं वजन कमी झाल्यामुळे खडीवर चाक उडत नाही, रस्ता धरून राहतं. तार्गामध्ये हेच कामी आलं.

लियोंला जे झालं ते टायरांमुळे. त्या शर्यतीसाठी खास बनवलेल्या टायरांचा वरचा थर सुटून येत होता. चाकाला आणि गाडीला त्याबद्दल दोष देता येत नाही. पुढच्याच महिन्यात सान सेबास्तियानला कोस्तान्तिनी दुसरा आला.

आता पुढचा ॲक्सल. मी त्याच्यासमोर बराच वेळ उकिडवा बसलो होतो, लेकीला वाटलं गुडघा धरला. घडीव पोलादाचा, मध्ये पोकळ, टोकांना भरीव. पाट्याच्या स्प्रिंगा त्याच्यावर यू-बोल्टने आवळलेल्या नाहीत. ॲक्सलमध्येच चौकोनी खिडक्या काढल्यात आणि पाटे त्यांतून आरपार गेलेत. वरून आरशासारखं पॉलिश. वाकलेल्या पोकळ घडीव तुकड्याला अशा खिडक्या पाडायच्या आणि दोन्ही बाजूंचा कोन जुळवायचा, तोही १९२४ च्या मशीनवर. माझ्यासारख्याला त्यात किती फिक्स्चर (तुकडा घट्ट धरून ठेवणारी साधनं) लागली असतील याचाच विचार येतो.

चासीसुद्धा बघ. दोन चाकांमधलं अंतर लांबीला २.४ मीटर, रुंदीला १.२. चासीचे बाजूचे पट्टे रेडिएटरपाशी अरुंद, मध्ये खोल आणि शेपटीकडे पुन्हा निमुळते. बॉडीचा आकार जसा जातो तशीच खालची चासी जाते, त्यामुळे कुठे नको तिथे लोखंड नाही. सगळी गाडी पाऊण टनाच्या आसपास. कमी ताकदीचं उत्तर तुला इथेच मिळतं: वळणात शिरताना ड्रायव्हरला हिच्यावर भरवसा ठेवता येत होता, म्हणून तो ब्रेक उशिरा दाबायचा आणि ॲक्सिलरेटर लवकर.

आकड्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. हजार-दोन हजारांत गावोगावच्या टेकडी-चढाईपासून सगळं मोजलेलं असतं. मोठे विजय वेगळे काढून बघ, आणि तेही नीट तपासून. १९२६ मध्ये नियम दीड लिटरचा झाला, बुगाटीने स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८ वरून ६६ मिलिमीटरवर आणला, बोअर (सिलिंडरचा व्यास) तोच ६०, सुपरचार्जर बसवला, नाव दिलं ३९ए. त्या वर्षीचं जागतिक अजिंक्यपद तिचं. पण मिरामाची फ्रेंच ग्रां प्री बघ: सुरुवातीला उभ्या तीनच गाड्या, तिन्ही बुगाटी, आणि अंतर पुरं केलं एकट्या ज्यूल गूने. तो विजय लिहायचा जरूर, पण शेजारी ही ओळही लिहायची.

डेलाज_१९२७

टूलरूमकाकांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. १९२७ मध्ये डेलाज या फ्रेंच कंपनीची दीड लिटरची आठ सिलिंडर गाडी आणि तिचा ड्रायव्हर रोबेर बनुआ यांनी फ्रान्स, स्पेन, इटली, ब्रिटन अशा चारही ग्रां प्री जिंकल्या. त्या वर्षी फ्रेंच ग्रां प्रीला बुगाटीने ऐनवेळी गाड्या मागे घेतल्या. निव्वळ इंजिन म्हणून डेलाज कितीतरी पुढची होती, हे मान्य करायला हवं.

पण डेलाज विकत मिळत नव्हती. टाइप ३५ बुगाटीच्या मोल्सहाइमच्या कारखान्यातून पैसे मोजून घेता येत होती. सगळे उपप्रकार धरून साडेतीनशेच्या आसपास बनल्या. १९३० ची मोनाको ग्रां प्री हा त्याचा उत्तम दाखला: रेने द्रेफ्यूने खासगी ३५बी मध्ये जादा पेट्रोलची टाकी बसवली, न थांबता शर्यत पुरी केली आणि कारखान्याच्या संघातल्या लुई शिरोंला हरवलं. गिऱ्हाइकाने कारखान्याला त्याच्याच गाडीने हरवावं, हे त्या काळी दुसऱ्या कुठल्या ग्रां प्री गाडीबाबत झालेलं मला माहीत नाही.

आदल्या वर्षीची पहिली मोनाकोही ३५बीचीच. हिरव्या गाडीत विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स, सरासरी ताशी ८० किलोमीटर. जर्मन ड्रायव्हर कराचिओला सात लिटरची भलीमोठी मर्सिडीज घेऊन तिसरा आला. याच ग्रोव्हर-विल्यम्सने महायुद्धात बनुआबरोबर फ्रान्समध्ये जर्मनांविरुद्ध गुप्तपणे काम केलं. बनुआ बुखेनवाल्डला मारला गेला, ग्रोव्हर-विल्यम्स साक्सेनहाउझेनला. ट्रॅकवर एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले हे दोघे. सप्टेंबर १९४५ मध्ये पॅरिसला पुन्हा शर्यती झाल्या तेव्हा त्यातल्या एका शर्यतीला बनुआचं नाव दिलं होतं.

मोहोर_मेकॅनिकल

सगळ्यांचे मनापासून आभार. युन्कोव्हाबद्दल आणि या दोघांबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. टूलरूमकाका, एक शंका. इंजिनात क्रँकला (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याला) बॉल आणि रोलर बेअरिंग का वापरले? साधे बेअरिंग स्वस्त पडले असते ना?

टूलरूम_भोसरी

चांगला प्रश्न. साध्या बेअरिंगला दाबाने तेल हवं, आणि त्याला आतून लावायचा त्या काळातला मऊ पांढरा धातू जास्त आरपीएमला (मिनिटाला फेऱ्यांना) टिकत नसे. बुगाटीने क्रँकला पाच ठिकाणी बॉल-रोलर बेअरिंग दिले आणि बिग एंडलाही (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकालाही) रोलर. त्यामुळे थोड्या तेलावर, कमी दाबात इंजिन सहा हजार आरपीएमपर्यंत जायचं. १९२४ साठी हा आकडा मोठा आहे. तेल थंड राहावं म्हणून इंजिनाखालच्या तेलाच्या तबकातून, म्हणजे संपमधून, नळ्या आरपार नेल्यात, त्यांतून वारा जातो.

याची किंमत अशी की पिस्टन आणि क्रँक जोडणारा कनेक्टिंग रॉड अखंड, बिग एंडला सुटी होणारी कॅप नाही. मग रॉड बसवायचा तर क्रँकच तुकड्यांत करावा लागतो. तुकडे जुळवून क्रँक उभा करायचा, डायल लावून रनआउट (फिरताना किती डुलतो ते) बघायचा, पुन्हा सोडायचा, पुन्हा बसवायचा. रोलर झिजले की हे सगळं परत. आणि सिलिंडर हेड ब्लॉकपासून वेगळं होत नाही, दोन्ही एकाच ओतकामात. म्हणजे हेड गॅस्केट फुटायची भीतीच नाही, पण व्हॉल्व्ह घासायचे तर चार-चार सिलिंडरचा अख्खा ब्लॉक उचलायचा. त्यात सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह, दोन आत घेणारे, एक बाहेर टाकणारा. काम करणाऱ्याचा कस लागतो.

हे सगळ्यांना परवडणार नाही म्हणून ३५ए काढली: सोपा क्रँक, तारांची चाकं, दिसायला तीच. लोकांनी तिला 'तेक्ला' म्हणायला सुरुवात केली, नकली मोत्यांच्या एका प्रसिद्ध व्यापाऱ्याच्या नावावरून. मला ते नाव आवडत नाही. ज्याच्याकडे घरचा मेकॅनिक नव्हता अशा माणसालाही शर्यतीला उभं राहता आलं ते तिच्यामुळे, आणि तिचा ॲक्सल बघायला गेलास तर तिथेही पाटे खिडकीतूनच गेलेले दिसतील.

मुलहाउसला गेलास तर सकाळी लवकर जा. आणि पुढच्या चाकांजवळ खाली बसून बघ, फोटोत ॲक्सल कधीच नीट दिसत नाही.