एडिटरची लायसन्स-की लपवण्यात काही अर्थ आहे का?

सेमीकोलन
सीकेएडिटर ५ (वेबपानात बसवायचा मजकूर-एडिटर) च्या ४४व्या आवृत्तीपासून कॉन्फिगमध्ये लायसन्स-की, म्हणजे परवान्याची अक्षरमाळ, द्यावीच लागते. तेव्हापासून लोक ती लांबलचक अक्षरमाळ सरळ कोडमध्ये चिकटवतात. माझं मत: डॉट-एन्व्ह फाइलमध्ये (सेटिंग्जची वेगळी फाइल) ठेवा, गिटइग्नोअर करा म्हणजे ती गिटच्या कोड-साठ्यात जाणार नाही, बिल्डच्या वेळी सीआयमधून (आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेतून) द्या. उघड्यावरची की कोणीही उचलतो, आणि मोजणी एडिटर-लोडवर (एडिटर किती वेळा उघडला यावर) असेल तर बिल तुमच्या नावावर फाटतं.

रात्रपाळी
साफ असहमत. व्हीट, नेक्स्ट या वेबसाइट बांधायच्या साधनांत एन्व्ह फाइलमधलं व्हेरिएबल ब्राउझरला द्यायला नावापुढे 'व्हीआयटीई_' किंवा 'नेक्स्ट_पब्लिक_' लावतात, आणि ते बिल्डमध्ये जसंच्या तसं बंडलात, म्हणजे ब्राउझरला जाणाऱ्या कोडमध्ये, उतरतं. ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये सगळ्या फाइलींत शोध मारा, दहा सेकंदांत की हातात. ती जेडब्ल्यूटी असते, म्हणजे तीन तुकड्यांचं सही केलेलं टोकन. मधला तुकडा बेस६४ या साध्या सांकेतिक लिपीतून उलगडला की मुदतसुद्धा वाचता येते. ब्राउझरला जे दिलं ते जगाला दिलं. राखण करायची ती डॅशबोर्डवरच्या होस्ट-यादीने, म्हणजे की कुठल्या डोमेनवर चालेल त्या यादीने. टायनीएमसीई या दुसऱ्या एडिटरच्या क्लाउडची एपीआय-की तर स्क्रिप्टच्या यूआरएलमध्येच असते, तिथे काय लपवणार?

सेमीकोलन
यादी भरतो कोण पण? आणि टायनीची डोमेन-तपासणी रेफरर हेडरवर (विनंती कुठल्या पानावरून आली हे ब्राउझर सांगतो त्यावर) चालते. साइटवर 'नो-रेफरर' धोरण असलं की मंजूर डोमेनवरही एडिटर तक्रारीची पट्टी दाखवतो.

रात्रपाळी
त्या स्क्रिप्ट टॅगवर रेफररपॉलिसी 'ओरिजिन' ठेवा, पट्टी जाते. स्टेजिंगला (चाचणीच्या साइटला) वेगळी की घ्या, म्हणजे प्रॉडक्शनच्या (खऱ्या साइटच्या) यादीत लोकलहोस्ट, म्हणजे स्वतःचा संगणक, घुसडावा लागत नाही. एन्व्हचा खरा उपयोग हा, वातावरणागणिक की बदलणं. त्याला सुरक्षा म्हणू नका.

कंसातला
दोघेही भलत्याच कीवर भांडताय. सीकेएडिटरच्या क्लाउड सेवा, म्हणजे एकत्र संपादन वगैरे वापरत असाल तर अ‍ॅक्सेस-की वेगळी मिळते. गुपित ती. तिने सर्व्हरवर एचएस२५६ने (गुप्त की वापरणारी सहीची पद्धत) वापरकर्ता कोण ते सांगणारं टोकन सही करायचं आणि एडिटरला फक्त टोकनचा यूआरएल द्यायचा. घाईत काही जण सही ब्राउझरमध्येच करतात. मग कोणीही कुठल्याही वापरकर्त्याच्या नावाने टोकन बनवतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे नमुना कोड तसाच उचलणं: एंडपॉइंट (टोकन देणारा सर्व्हरवरचा पत्ता) लॉगिन न तपासता टोकन वाटत सुटतो. आधी सेशन बघा, मग वापरकर्त्याचा आयडी सेशनमधूनच घ्या, रिक्वेस्टमधून नको.

सेमीकोलन
अ‍ॅक्सेस-कीपुरतं मान्य. ती गिटमध्ये गेलीच तर?

कंसातला
नवी तयार करा, डिप्लॉय करा, मग जुनी रद्द करा. नुसती फाइल काढून कमिट केलं तर जुन्या कमिटमध्ये ती राहतेच. इतिहास फिल्टर-रेपोने (गिटचा इतिहास पुन्हा लिहिणारं साधन) नंतर सावकाश धुवा; रद्द झालेली की तिथे पडून राहिली तरी कुणाच्या कामाची नाही.