प्रतिसाद: कार्ड टेकवावं की खोचावं?

मशीनला नुसतं टेकवलं की पिनशिवाय पैसे जातात अशा (कॉन्टॅक्टलेस) कार्डांबद्दल मूळ पोस्टमध्ये भीती मांडलीय, की लोकलच्या गर्दीत कुणीतरी खिशाला मशीन टेकवून पैसे उडवेल; ती मला जरा जास्तच वाटते. कार्ड मशीनपासून चारेक सेंटिमीटरच्या आत यावं लागतं, आणि पैसे जातात ते त्या मशीनवाल्याच्या नोंदणीकृत खात्यात. पिनशिवाय एका वेळी पैसे देण्याची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून २००० वरून ५००० रुपये झाली, हे मात्र मला खटकतं.

माझा अनुभव वेगळाच. दादरला साडी घेताना काउंटरवरच्याने न विचारता कार्ड टेकवलं; रक्कम बघेपर्यंत पावती बाहेर! तीही दोनशेने जास्त. (भांडून परत घेतले, ते सोडा.) चिप खोचून पिन दाबताना निदान आकडा डोळ्यांखालून जातो. आता बँकेच्या अ‍ॅपमध्ये ही पिनशिवायची मर्यादा हजारावर आणलीय आणि कार्ड हातातून सोडत नाही, मशीनच पुढे करायला सांगते.